चढणीचे मासे आणि व्हाळाचा ताप

मृगाचे दोन-चार चांगले पाऊस झाले की कोकणातले व्हाळ वाहू लागतात. नदीतले मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाच्या उलट वर येतात, थेट भाताच्या कोपऱ्यांपर्यंत. हेच आपले चढणीचे मासे. मग रात्री बॅटऱ्या घेऊन माणसे बाहेर पडतात. कोणी बांधाच्या तोंडाशी खोयन लावतो, कोणी पाग टाकतो, पोरे नुसत्या हातांनी मासे धरतात. मुंबईचे चाकरमानीही त्यासाठी रजा काढून येतात. मळ्ये, शिंगटी, नशीब असेल तर मरळ किंवा वाम. त्या तिखल्याची चव मी वेगळी सांगायला नको.

या हौसेच्या आड येण्याची माझी मुळीच इच्छा नाही. काट्यांसकट चावून खाता येणारे लहान मासे म्हणजे उत्तम प्रथिने आणि कॅल्शियम. परंतु चढणीनंतर आठ-पंधरा दिवसांनी दवाखान्यात येणाऱ्या काही तापांबद्दल आज लिहायचे आहे. त्यांतला एक ताप लेप्टोस्पायरोसिसचा, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या लेप्टोचा असू शकतो.

या रोगाचे जंतू उंदरांच्या मूत्रपिंडात सुखाने राहतात. उंदराला त्याचा त्रास होत नाही, पण त्याच्या लघवीतून जंतू बाहेर पडत राहतात. गुरे, डुकरे, कुत्रे यांच्या लघवीतूनही ते येतात. कडक उन्हात, कोरड्या जमिनीत ते टिकत नाहीत. ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात मात्र अनेक दिवस, कधी काही आठवडेही जगतात. आता आपल्या शेताचा बांध डोळ्यांसमोर आणा. त्याला उंदरांची बिळे असतात, वर गुरांची ये-जा असते. पावसाचे पाणी हे सगळे धुऊन व्हाळात नेते आणि त्याच पाण्यात आपण गुडघाभर उभे असतो. पायाला कातळाचे खरचटलेले, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या, हाताला माशाचा काटा लागलेला. जंतूंना आत शिरायला एवढे पुरते. तास-दोन तास पाण्यात राहून कातडी मऊ पडली की तिच्यातूनही ते शिरू शकतात. तोंडावर उडालेले पाणी डोळ्यांत गेले तरी तोच धोका.

"डॉक्टरांनू, आमका व्हाळाचा पाणी बाधणा नाय," असे म्हणणारे मला दरवर्षी भेटतात. पुष्कळांना खरोखर काही होत नाही, किंवा साधा ताप येऊन जातो. म्हणूनच गाफीलपणा येतो. ज्यांना बाधते त्यांच्यापैकी काहींची मूत्रपिंडे, यकृत आणि फुप्फुसे एकाच वेळी धोक्यात येतात. कावीळ आणि मूत्रपिंडाचा बिघाड असलेल्या या तीव्र स्वरूपाचे वर्णन अडॉल्फ वाइल या जर्मन डॉक्टराने १८८६ साली केले होते. २००५ च्या जुलैमधील महापुरानंतर मुंबईतही लेप्टोची मोठी साथ आली. तेव्हा हा केवळ शेतकऱ्यांचा रोग आहे, असे समजू नये.

पाण्यात उतरल्यापासून साधारण पाच ते चौदा दिवसांत, क्वचित महिन्याभराने ताप येतो. थंडी वाजते, डोके फुटल्यासारखे दुखते, डोळे लाल होतात पण त्यांना चिपडे येत नाहीत. आणि पोटऱ्या दुखतात, इतक्या की दाबू देत नाहीत. माणूस म्हणतो, "व्हाळात उभा राहिलो, म्हणून पाय भरून आले." पण आठ दिवसांपूर्वीच्या श्रमाने पाय आज दुखत नाहीत! डोळे पिवळे झाले की घरचे झाडपाल्याच्या औषधाला घेऊन जातात. त्यात तीन-चार दिवस जातात आणि नेमके तेच दिवस मोलाचे असतात. लघवी कमी होणे, धाप लागणे, थुंकीतून रक्त पडणे यांपैकी काही दिसले तर तासभरही न थांबता मोठे रुग्णालय गाठावे.

वेळेवर ओळखला तर लेप्टो डॉक्सिसायक्लिन किंवा पेनिसिलिनसारख्या जुन्या, स्वस्त औषधांनी बरा होतो. रक्ताची नेहमीची तपासणी पहिल्या चार-पाच दिवसांत पुष्कळदा काहीच दाखवीत नाही, म्हणून अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू करावे लागतात. त्यासाठी डॉक्टरला एक गोष्ट कळायला हवी, ती म्हणजे तुम्ही पाण्यात उतरला होता. विचारले नाही तरी सांगा. अंगदुखीसाठी दुकानातून ब्रुफेनसारख्या गोळ्या परस्पर घेऊ नका. त्रासलेल्या मूत्रपिंडांवर त्यांचा आणखी ताण पडतो.

पायाला जखम असेल तर व्हाळात न उतरणे सर्वांत बरे. बाकीच्यांनी गमबूट घालावेत, घरी आल्यावर साबणाने हातपाय धुऊन कोरडे करावेत. रोजच पाण्यात उतरणाऱ्यांना आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन प्रतिबंधासाठी देता येते, पण ते प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारूनच घ्यावे. गर्भवतींनी आणि लहान मुलांना ते परस्पर देणे टाळावे.

मासे खाऊन लेप्टो होतो का, असे अनेकजण विचारतात. नीट शिजवलेल्या माशाने होत नाही; धोका पाण्याचा आहे. मात्र व्हाळात कीटकनाशक ओतून मारलेले मासे घरात आणू नयेत. ते विष शिजवून जाईलच असे नाही आणि पाण्यात विष घालून मासे मारणे कायद्यानेही गुन्हा ठरवले आहे.

राहता राहिली शिंगटी. तिच्या काट्यात थोडे विष असते, म्हणून ठणका असह्य होतो. चुना किंवा तंबाखू न लावता हात सोसेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा. पाण्याची ऊब आधी दुसऱ्या, चांगल्या हाताने पाहावी, कारण ठणकणाऱ्या हाताला भाजलेले कळत नाही. काट्याचा तुकडा आत राहिला असेल तर तो डॉक्टरकडून काढून घ्यावा आणि धनुर्वाताचे इंजेक्शन केव्हा घेतले होते, हेही त्यांना सांगावे.