बेल्ट आणि आयडलर : चिखलातून आल्यावर बॉनेट उघडा

जीप रँगलरच्या २०१२ ते २०१७ मधल्या ३.६ लिटर पेट्रोल इंजिनात अल्टरनेटर, वॉटर पंप, पॉवर स्टिअरिंगचा पंप आणि एसीचा कॉम्प्रेसर एकाच लांब बेल्टवर चालतात. तो तुटला की चार्जिंग थांबतं, स्टिअरिंग जड होतं आणि पाणी फिरेनासं झाल्याने इंजिन झपाट्याने तापतं. अशा वेळी ‘जेमतेम गावापर्यंत’ म्हणून गाडी रेटू नका.

जुन्या निओप्रीन बेल्टला भेगा पडत, म्हणून झीज दिसायची. आजचे ईपीडीएम रबराचे बेल्ट भेगा न पडताही झिजतात. खाचा रुंद होतात आणि बेल्ट घसरू लागतो. चिखलातली बारीक वाळू तर सँडपेपरसारखी काम करते.

बेल्टला वळण देणाऱ्या आयडलर पुलीत सीलबंद बेअरिंग असतं. सीलमधून पाणी आत शिरलं की ग्रीस खराब होतं. बेल्ट उतरवून पुली हाताने फिरवा. खरखर किंवा लटपट जाणवली तर ती बदलाच. नव्या बेल्टखाली खराब पुली ठेवणं ही बचत नव्हे. बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनरची स्प्रिंगही त्याच वेळी तपासा. किंचाळणाऱ्या बेल्टवर चिकट स्प्रे मारू नका, दोष तसाच राहतो.

बेल्ट काढण्याआधी त्याच्या मार्गाचा फोटो घ्या. बेल्ट चुकीच्या बाजूने बसवला तर वॉटर पंप उलटा फिरू शकतो. काही इंजिनांत आयडलरच्या बोल्टला उलटे आटे असतात, म्हणून जोर लावण्याआधी मॅन्युअल बघा. लांबच्या ट्रेलवर निघताना एक जादा बेल्ट आणि टेन्शनर फिरवायचा पाना गाडीत ठेवा.