झेंडावंदन झालं, ग्रामसभेचं काय?

मंडळी, करंजा बंदरापासून चिरनेर काही लांब नाही. २५ सप्टेंबर १९३० रोजी तिथल्या जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला, आठ जण हुतात्मे झाले. त्यांचा अभिमान असायलाच हवा. पण झेंडावंदन आटोपल्यावर ग्रामसभेला आपण किती जण थांबतो? १५ टक्के मतदार किंवा १०० माणसं, यातला कमी आकडा भरला की गणपूर्ती होते. तेवढीही जमली नाहीत तर सभा तहकूब. आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही! मग मूठभरांनी हात वर केले की ठराव मंजूर. नंतर धक्क्यावर बसून नळाच्या नावानं कुरकुर करण्यात काय हशील? आठ जणांनी प्राण दिले, तुम्ही दोन तास द्या. जमाखर्च विचारा. पंचायतीनंही तो मोठ्यानं वाचून दाखवावा.