हबशी : एक नाव, अनेक माणसे

अहिल्यानगर जिल्ह्यातील भातवडी या गावी १६२४ साली मोगल व आदिलशाही यांच्या संयुक्त सैन्याचा पराभव झाला. त्या लढाईत निजामशाहीचे नेतृत्व करणारा मलिक अंबर हा मूळचा इथिओपियाचा. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला आणि बगदादमार्गे दक्षिणेत आला. येथे त्याला विकत घेणारा निजामशाहीचा पेशवा चंगीझखान हाही हबशीच होता! धनी व गुलाम यांचा वर्ण एक. स्थिती मात्र भिन्न.

अरब लोक इथिओपियास ‘हबश’ म्हणत. त्यावरून ‘हबशी’ हा शब्द आला. पुढे आफ्रिकेच्या कोणत्याही भागातून आलेल्या माणसास तो सरसकट लावला जाऊ लागला. वस्तुतः जंजिऱ्याचे सिद्दी १९४८ पर्यंत राज्यकर्ते होते, तर उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी रानालगत शेती व मोलमजुरी करून राहतात. ते कोंकणी बोलतात. त्यांच्यात हिंदू, मुसलमान व ख्रिस्ती असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत. मग या सर्वांना केवळ रंगावरून एक कसे म्हणावे?

विद्यार्थ्यांनो, त्वचेचा काळा वर्ण ही प्रखर उन्हापासून रक्षण करणारी निसर्गाची योजना होय. तिच्यावरून माणसाची भाषा, धर्म किंवा योग्यता कळत नाही. जहांगीर बादशहाने आपल्या आत्मचरित्रात अंबरच्या काळ्या रंगाची हेटाळणी केली. परंतु १६२६ साली अंबर मरण पावला, तोवर त्याला कायमचे नमविणे बादशहाला साधले नाही.