धारोष्ण दूध

पहाट फटफटू लागली की काटोल-नरखेडकडच्या शेतकऱ्याच्या घरी पहिली जाग गोठ्याला येते. गव्हाणीपाशी दावी हलू लागतात, वासरू हंबरते आणि थोड्याच वेळात रिकाम्या चरवीत दुधाची पहिली धार वाजते. चरवी भरत जाते तसा तो आवाज बदलतो. प्रथम खणखणीत, मग मऊ आणि शेवटी नुसता फेसाचा. अशा नुकत्याच काढलेल्या, धारेच्या उबेने कोमट असलेल्या दुधाला मराठीत ‘धारोष्ण’ असा सुंदर शब्द आहे. धारोष्ण दूध पिऊन माणूस बलवान होतो, हा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. या समजात खरे किती आणि नुसते गोड किती, हे तपासून पाहण्यासारखे आहे.

नागपूर जिल्ह्यात ज्यांच्या घरी दुभती जनावरे असतात, त्यांच्या गोठ्यात प्रामुख्याने गवळाऊ गाय किंवा नागपुरी म्हैस दिसे. गवळाऊ ही नागपूर, वर्धा आणि पलीकडच्या छिंदवाडा-शिवनी भागातली गाय. रंगाने पांढरी, अंगाने सडपातळ आणि चालीला चपळ. भोसल्यांच्या काळात फौजेचे सामान जलद वाहून नेण्यासाठी मराठ्यांनी ही जात जोपासली, असे सांगतात. तिचे बैल दमणीला जुंपावेत आणि शंकरपटात धावावेत, ही या भागातील हौस होती. दुधाच्या बाबतीत मात्र ती फार उदार नाही. एका वेतात सरासरी ६०० लिटरच्या आसपास दूध देते. शेतीत यंत्रे आली, बैलांचे काम कमी झाले, जास्त दूध देणाऱ्या संकरित गाई गोठ्यात आल्या, आणि गवळाऊची संख्या घटत गेली. नागपुरी म्हशीला वऱ्हाडी किंवा एलिचपुरी असेही म्हणतात. तलवारीसारखी लांब, चपटी, मानेवरून मागे खांद्यापर्यंत गेलेली शिंगे ही तिची ओळख. वैदर्भीय उन्हाळा सोसण्याची तिची शक्ती मोठी आहे. तरीही काळी कातडी आणि कमी घाम यांमुळे तिला दुपारी डोहाचे किंवा डबक्याचे पाणी लागतेच. तिचे दूध गाईच्या दुधापेक्षा दाट असते. गाईच्या दुधात शंभर भागांत सुमारे ८७ भाग पाणी व ४ भाग स्निग्धांश असतो, तर म्हशीच्या दुधात स्निग्धांश ७ भागांपर्यंत किंवा त्याहूनही अधिक असतो.

दूध म्हणजे कासेत भरून ठेवलेले पाणी नव्हे. जनावराने खाल्लेला कडबा, कुटार आणि सरकीची पेंड यांतील सत्त्व रक्तात उतरते. ते रक्त कासेतून सतत फिरत असते आणि कासेतील सूक्ष्म पेशी त्यातून दूध घडवितात. एक लिटर दूध तयार होण्यासाठी सुमारे ४०० ते ५०० लिटर रक्त कासेतून वाहून जावे लागते, हे ऐकल्यावर भांड्यातल्या दुधाकडे पाहण्याची दृष्टीच बदलते. शिवाय तयार झालेले दूध मागताक्षणी मिळत नाही. वासराने ढुशी दिली, सड चोखले किंवा धार काढणाऱ्याने कास कोमट पाण्याने धुऊन हळुवार चोळली, म्हणजे जनावराच्या मेंदूतून एक द्रव्य रक्तात उतरते आणि कासेतील दूध सडांकडे ढकलले जाते. यालाच ‘पान्हा सोडणे’ म्हणतात. या द्रव्याचा प्रभाव पाचसात मिनिटेच टिकतो. तेवढ्यात धार पुरी काढावी लागते. अनोळखी माणूस जवळ आला, कुत्रे भुंकले किंवा कोणी काठी उगारली, तर भ्यालेली गाय पान्हा चोरते. गोठ्यात आरडाओरडा करू नये, असे म्हातारी माणसे सांगतात ते केवळ शिस्तीसाठी नव्हे.

घरच्या दुधाचा मोठेपणा उघड आहे. त्यात कोणी पाणी घातलेले नसते. ते लांबचा प्रवास करून आलेले नसते. कोणत्या जनावराचे आहे, त्याने काल काय खाल्ले, ते आज उदास आहे की आनंदी, हे सारे घरच्यांना ठाऊक असते. शहरात रतीब घालणाऱ्या गवळ्याच्या दुधाविषयी लोक कायम साशंक असत. पुष्कळ ठिकाणी गवळी आपली म्हैस ग्राहकाच्या दारात आणून समोर धार काढून देई. ‘डोळ्यांदेखत काढलेले दूध’ ही शुद्धतेची शेवटची कसोटी समजली जाई.

परंतु ही कसोटी पुरी नाही, हे भूमध्य समुद्रातल्या माल्टा नावाच्या एका चिमुकल्या बेटावर सिद्ध झाले. तेथेही शेळ्यांचे कळप रस्त्यांतून फिरत आणि घराच्या पायरीशी दूध काढून दिले जाई. त्याहून ताजे दूध मिळणे शक्य नव्हते. तरीसुद्धा बेटावर एक विलक्षण ताप घर करून होता. तो आठवडेच्या आठवडे चढे व उतरे; रोग्याला दरदरून घाम येई, सांधे दुखत आणि तो खंगून जाई. तेथे असलेल्या ब्रिटिश फौजेतील सैनिक त्याने दरवर्षी अंथरुणाला खिळत. १८८७ साली डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टराने या तापाचा जंतू शोधून काढला. पण तो माणसाच्या शरीरात येतो कोठून, हे कोडे पुढे अठरा वर्षे सुटले नाही. हवेवर, पाण्यावर, डासांवर संशय घेऊन झाला. १९०५ साली माल्टाचेच रहिवासी असलेले डॉ. झामिट यांनी प्रयोगासाठी काही शेळ्या घेतल्या. त्या धडधाकट होत्या, चांगले दूध देत होत्या. त्यांना हा रोग होतो की नाही, हे पाहावयाचे होते. रक्त तपासताच दिसून आले की, प्रयोगाच्या आधीच रोगाची खूण त्यांच्यात आहे! मग बेटावरच्या कळपांची तपासणी झाली, तेव्हा साधारणपणे दर दहा शेळ्यांमागे एकीच्या दुधातून तो जंतू बाहेर पडत असल्याचे आढळले. १९०६ साली सैनिकांना शेळीचे दूध देणे बंद करण्यात आले आणि छावण्यांतला ताप पाहता पाहता ओसरला. बेटावरच्या इतर रहिवाशांनी मात्र दारातल्या ताज्या दुधावरचा विश्वास सोडला नाही. त्यांच्यातली दुखणी पुढेही चालूच राहिली.

ब्रूस यांच्या नावावरून या रोगाला ब्रुसेलोसिस म्हणतात. तो भारतातही आहे आणि गाई-म्हशींनाही होतो. गाभण जनावर दिवस भरत आले असता गाभडते, एवढेच त्याचे मोठे लक्षण; एरवी जनावर निरोगी दिसते, वैरण खाते आणि दूधही देते. म्हणून गाभडलेल्या जनावराचा वार किंवा मेलेले वासरू उघड्या हातांनी उचलू नये आणि पशुवैद्याला ताबडतोब बोलवावे. क्षयाचे जंतूही दुधातून येऊ शकतात. युरोपात एके काळी कच्च्या दुधामुळे असंख्य मुलांना गंडमाळा होत. ब्रुसेलोसिसविरुद्ध चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना व पारड्यांना लस टोचतात. २०१९ सालापासून केंद्र शासनाने हे लसीकरण देशभर हाती घेतले आहे. नागपूरला १९५८ साली पशुवैद्यकीय महाविद्यालय निघाले व २००० साली पशुविज्ञान विद्यापीठाची स्थापना झाली. विदर्भातल्या गोठ्यांपर्यंत पोहोचणारे कित्येक पशुवैद्य तेथेच तयार होतात.

रोगट जनावराचे दूध ही एक गोष्ट झाली. निरोगी जनावराचे दूधही कासेबाहेर पडताच जंतूंच्या वाटेवर येते. शेपटीचे केस, कासेला लागलेले शेण, गोठ्यातली धूळ, धार काढणाऱ्याची नखे आणि नीट न घासलेली चरवी ही त्यांची ठिकाणे. जाणते शेतकरी म्हणूनच हात धुतात, कास धुऊन कोरडी पुसतात आणि पहिल्या दोनतीन धारा चरवीत न घेता वेगळ्या वाटीत घेतात. त्या धारांत सडाच्या तोंडाशी साठलेली घाण निघून जाते; शिवाय दुधात गुठळ्या किंवा रक्ताची छटा दिसली, तर कास सुजू लागल्याचे वेळीच कळते. ताज्या दुधात जंतूंना थोपवून धरणारी काही नैसर्गिक द्रव्ये असतात, हे धारोष्ण दुधाच्या बाजूने सांगितले पाहिजे. परंतु त्यांचा जोर काही तासच राहतो आणि उष्णतेत तो फार लवकर सरतो. नागपूरचा मे महिना तर ४५ अंशांपर्यंत तापतो. एक जंतू दर अर्ध्या तासाला दुप्पट होतो असे धरले, तर सकाळी सहा वाजताच्या एकाचे दुपारी दोन वाजता ६५,५३६ होतात. पाटीवर हा हिशेब मांडून पाहण्यास हरकत नाही.

या साऱ्यावरचा उपाय मराठी स्वयंपाकघराला ब्रूस आणि झामिट जन्मण्यापूर्वीच ठाऊक होता. दूध घरात आले की आधी ते गाळून चुलीवर चढवावयाचे, हा गृहिणीचा नेम. जंतू कोणी पाहिले नव्हते. दूध नासू नये एवढाच हेतू होता. दूध तापू लागले की वर साय धरते. खाली तयार होणाऱ्या वाफेला त्या पडद्यातून वाट मिळत नाही. ती पडदा उचलून वर ढकलते आणि दूध उतू जाते. म्हणून पहिला कढ येताच भांडे खाली उतरवू नये. आच मंद करून, ढवळत, आणखी काही मिनिटे दूध उकळू द्यावे. गोवऱ्यांच्या मंद आचेवर तासन्‌तास ठेवलेल्या दुधाचा तांबूस रंग आणि जाड साय ज्यांनी पाहिली आहे, त्यांना कच्च्या दुधाचा मोह होणे कठीणच! कारखान्यात दूध ७२ अंशांपर्यंत १५ सेकंद तापवून लगेच थंड करतात. पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावावरून त्या रीतीला पाश्चरीकरण म्हणतात. तापविण्याने काही जीवनसत्त्वे थोडी घटतात, हे खरे; पण हाडांना लागणारा चुना, प्रथिने आणि स्निग्धांश जागच्या जागी राहतात. बळ ज्याने येते, ते तापविलेल्या दुधातही तसेच असते.

घरच्या दुधावर वर्षभर राहावयाचे, तर एका जनावराने भागत नाही. गाय सुमारे नऊ महिने आणि म्हैस दहा महिन्यांहून थोडी अधिक गाभण असते. विण्याच्या आधी दोनएक महिने तिला आटवून विश्रांती द्यावी लागते. म्हणून शहाणा शेतकरी एक भाकड असताना दुसरी दुभती असेल, अशी वेतांची पाळी लावतो. दुधात वासराचाही वाटा असतो. पहिल्या आठवड्यांत त्याला रोज आपल्या वजनाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतके दूध लागते. व्यायल्यानंतरचा दाट, पिवळसर चीक तर त्याला पहिल्या एकदोन तासांतच पाजावा लागतो, कारण रोगांना तोंड देण्याची शक्ती वासराला त्यातूनच मिळते. वासराचे पोट भरून उरलेल्या चिकाचा गुळ-वेलदोडे घालून खरवस करतात, आणि ज्या शेजाऱ्याने भाकडकाळात दूध पुरविले, त्याच्या घरी पहिली वाटी जाते.