मृगात सुरुवात, दिवाळीत शर्यत

"अहो, त्यांची सून म्हणे बर्लिनला पळायला चाललीय!"

असं वाक्य हल्ली पुण्या-मुंबईतच नव्हे, तर आपल्या लातूर-नांदेडकडच्या घरांतही कानावर पडू लागलं आहे. त्यावर ऐकणारीचा पहिला प्रश्न ठरलेला. "पळायला? तेवढ्यासाठी विमानाचं तिकीट?" दुसरा प्रश्न जरा खोचक असतो. "आणि मग घरी पोरांचं कोण बघतं?"

मैत्रिणींनो, पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, दुसऱ्याचं अवघड. आज दोन्हींचा विचार करू या. कारण या शर्यतीची तयारी बर्लिन-न्यूयॉर्कला होत नाही. ती इथेच होते, आपल्याच रस्त्यांवर, आपल्याच पावसात, श्रावणातले उपास आणि गौरी-गणपती सांभाळून.

परदेशातला शरद, आपल्याकडचा पावसाळा

मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. हा चमत्कारिक आकडा १९०८ सालच्या लंडन ऑलिंपिकमधला. १९२१ साली तोच कायम झाला. परदेशातल्या मोठ्या शहरांच्या अनेक शर्यती शरद ऋतूत असतात. बर्लिनची सप्टेंबरच्या अखेरीला, शिकागोची ऑक्टोबरात आणि न्यूयॉर्कची नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. तिकडे तेव्हा हवा थंड असते, पळायला उत्तम. हजारो हौशी माणसं पळतात आणि जागेसाठी सोडत निघते, अगदी घरांच्या सोडतीसारखी! नाव निघालं नाही तर एखाद्या धर्मादाय संस्थेसाठी ठरावीक निधी जमवूनही प्रवेश मिळवता येतो. सगळा खर्च काही लाखांच्या घरात जातो, हे आधीच सांगून ठेवते.

तयारी सोळा ते अठरा आठवड्यांची. मागे मोजत आलं तर बर्लिनसाठी सुरुवात होते मृगाच्या पावसात आणि न्यूयॉर्कसाठी आषाढाच्या आसपास. म्हणजे तिकडच्या थंडीतल्या शर्यतीचा सराव आपण करायचा तो दमट हवेत, चिखलात आणि शेवटी ऑक्टोबरच्या उन्हात. ही अडचण खरी, पण तिचा एक फायदाही आहे. उकाड्यात घाम गाळून तयार झालेलं शरीर थंड हवेत हलकं पळतं. आपला जळकोट तालुका तर डोंगरी. इथला चढ-उतार ज्या पायांनी पचवला, त्यांना बर्लिनचा सपाट रस्ता काय जड जाणार? साताऱ्याला यवतेश्वरच्या घाटात भर पावसाळ्यात जी अर्धमॅरेथॉन होते, ती शरदातल्या शर्यतीआधीची रंगीत तालीम म्हणूनही उपयोगी पडते.

हे वेड नवं नाही

परदेशी जाऊन पळण्याची आपल्या माणसांची गोष्ट शंभर वर्षांपूर्वीची आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत शेतकरी घरांतली पोरं अनवाणी पळताना दोराबजी टाटांनी पाहिली आणि यांना ऑलिंपिकला पाठवायचंच, असं मनावर घेतलं. १९२० साली बेल्जियममधल्या अँटवर्पला जो छोटा संघ गेला, त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. त्या वर्षीची मॅरेथॉन नेहमीपेक्षाही लांब, ४२.७५ किलोमीटरची होती. चौगुल्यांनी ती २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत पुरी केली आणि एकोणिसावा क्रमांक मिळवला. आजही हौशी धावपटूला ही वेळ स्वप्नवत वाटते!

आणि बायका? बायकांना तेव्हा कुणी विचारतच नव्हतं. १९२८ साली ॲमस्टरडॅमला बायका ८०० मीटर पळाल्या आणि शेवटी काही जणी दमून खाली बसल्या, तर वर्तमानपत्रांनी गहजब केला. पुरुषही शर्यत संपल्यावर आडवे होतात, पण ते कुणाला दिसलं नाही. त्यानंतर थेट १९६० सालापर्यंत ऑलिंपिकमध्ये बायकांची ८०० मीटरची शर्यतच नव्हती. लांब पळालं तर गर्भाशयाला इजा होते, बाई बाईसारखी राहत नाही, असं शिकलेसवरलेले लोक सांगत. ओळखीचं वाटतं ना?

१९६७ साली बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये कॅथरीन स्वित्झर नावाच्या मुलीने नुसती आद्याक्षरं लिहून नाव नोंदवलं. बाई पळतेय हे कळताच एक अधिकारी धावत आला आणि तिच्या अंगावरचा क्रमांक ओरबाडायला लागला. ती थांबली नाही. शर्यत पुरी केली. बोस्टनने बायकांना रीतसर प्रवेश दिला तो १९७२ साली. त्याच वर्षी न्यूयॉर्कला सहा बायकांना पुरुषांच्या दहा मिनिटं आधी वेगळं पळायला सांगितलं. त्या सहाजणी इशारा होताच रस्त्यावर बसून राहिल्या आणि दहा मिनिटांनी पुरुषांबरोबरच निघाल्या! ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन यायला मात्र १९८४ साल उजाडावं लागलं. ती अमेरिकेच्या जोन बेनॉइटने जिंकली.

आपल्याकडे माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर मुंबई मॅरेथॉनमध्ये २०१२ ते २०१४ अशी सलग तीन वर्षं भारतीय महिलांत पहिली आली आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी. नाशिकच्या आदिवासी पाड्यावरची कविता राऊत २०१० साली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचं कांस्यपदक घेऊन आली. आणि बारामतीच्या लता भगवान करे! साठी ओलांडलेल्या या बाई नवऱ्याच्या तपासण्यांसाठी पैसे हवेत म्हणून ज्येष्ठांच्या शर्यतीत उतरल्या, नऊवारी लुगड्यात, अनवाणी, आणि पहिल्या आल्या. त्यांच्या आयुष्यावरच्या चित्रपटात त्यांनी स्वतःच काम केलं आणि त्याची दखल राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांनीही घेतली. कोण कशासाठी पळेल, सांगता येत नाही. हौसेने पळणारी आणि गरजेने पळणारी यांत अंतर फार आहे. पण 'हे वय आहे का पळायचं' हा टोमणा दोघींच्या वाट्याला सारखाच येतो.

आठवड्याचं गणित

ज्यांना आधीच आठ-दहा किलोमीटर सावकाश पळता येतं, त्यांच्यासाठी हे गणित. अगदी नव्याने सुरुवात करणारीने आधी सहा-आठ महिने चालणं आणि पळणं आलटून-पालटून करावं, मगच मॅरेथॉनचं नाव काढावं. रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड, हृदयाचा त्रास असेल किंवा नुकतंच बाळंतपण झालं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पायात बूट घालू नये.

आठवड्यात चार दिवस पळावं. त्यातला एक दिवस, बहुधा रविवार, लांब पल्ल्याचा. बाकी दिवशी थोडा व्यायाम, उठाबशा, जिने चढणं आणि एक दिवस पूर्ण विश्रांती. अंतर एकदम वाढवू नये. या आठवड्यात तीस किलोमीटर झाले, तर पुढच्या आठवड्यात तेहतीस, त्यापुढे नाही. दर चौथ्या आठवड्यात अंतर कमी करून पायांना उसंत द्यावी. लांबचा पल्ला वाढत वाढत तीस-बत्तीस किलोमीटरपर्यंत जातो आणि मग शर्यतीआधीचे दोन-तीन आठवडे पुन्हा कमी करायचं. पूर्ण बेचाळीस किलोमीटर सरावात पळायचेच नसतात, बरं का!

वेग किती? शेजारणीशी पूर्ण वाक्यात बोलता येईल एवढा. धाप लागून शब्द तुटायला लागले की समजावं, वेग जास्त झाला.

उपास, फराळ आणि 'भिंत'

बहुतेक धावपटूंना तीस-बत्तीस किलोमीटरच्या पुढे एकाएकी पाय उचलेनासे होतात. त्याला 'भिंत लागणं' म्हणतात. आपल्या स्नायूंत आणि यकृतात साखरेचा साठा असतो तो तिथवरच पुरतो. म्हणून आदल्या दिवशी भात, भाकरी-पोळी, बटाटा, केळं असं पोटभर पण साधं जेवावं आणि लांब पळताना मधून मधून थोडं गोड तोंडात टाकावं. खजूर, गुळाची चिक्की, केळ्याचा तुकडा चालतो. परदेशी जेलची पाकिटं मिळतात, ती सोसतात की नाही हे सरावातच पाहावं. शर्यतीच्या दिवशी नवा पदार्थ आणि नवे बूट, दोन्ही वर्ज्य!

पाणीही बेताने. लिंबू, साखर, मीठ घातलेलं सरबत उत्तम. तहान नसताना नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होऊन जीवावर बेतू शकतं.

आता खरी मेख. बर्लिनवाल्यांचे सर्वात लांबचे पल्ले येतात श्रावण-भाद्रपदात आणि न्यूयॉर्कवाल्यांचे बहुधा नवरात्राच्या सुमारास. नेमका उपासांचा आणि पाहुण्यांचा काळ! कडक उपासाच्या दिवशी लांब पळू नये. पळायचंच झालं तर आदल्या दिवशी नीट जेवून, छोटंच अंतर, आणि परतल्यावर रताळं, राजगिरा, दूध, शेंगदाणे असं अंगी लागणारं खावं. नऊ दिवस निरंकार उपास आणि मॅरेथॉनची तयारी एकत्र होत नाही. काय निवडायचं ते तुम्ही ठरवा, पण दोन्ही रेटून शरीराचे हाल करू नका.

महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी असतं, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळलं. तेव्हा तयारीला लागण्याआधी हिमोग्लोबिन तपासून घ्या. 'आळस आला' म्हणून जे आपण स्वतःला बोल लावतो, ते पुष्कळदा रक्त कमी असल्याचं लक्षण असतं. पालेभाज्या, डाळी, तीळ, हळीव खा, वर लिंबू पिळा आणि जेवणाला लागून चहा घेऊ नका.

जे कुणी सांगत नाही

पुरुषांनी लिहिलेल्या पुस्तकांत या गोष्टी क्वचितच सापडतात. छातीला घट्ट आधार देणारी स्पोर्ट्स ब्रा ही चैन नव्हे, बुटाइतकीच गरज आहे. काखेत, मांड्यांना घासतं तिथे व्हॅसलीन लावावं. पावसात ओले मोजे घालून लांब पळू नये, फोड येतात. पाळीत पळायला काही हरकत नाही. बरं वाटत असेल तर जावं, नसेल तर खुशाल राहावं. पण सराव वाढल्यावर पाळी महिनोन्महिने थांबली, तर अन्न कमी पडतंय असं समजून डॉक्टरांकडे जावं.

दोन बाळंतपणांनंतर अनेकींना पळताना, शिंकताना लघवीचे थेंब गळतात. लाजेने पळणंच सोडून देतात बिचाऱ्या! ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून धरायचे आणि सैल सोडायचे, असा रोजचा व्यायाम करून हे बरंच सुधारतं. स्त्रीरोगतज्ज्ञांना मोकळेपणाने विचारा.

आपल्यासारख्या लहान गावांत रस्ता हीच मैदानाची जागा. तेव्हा दोघी-तिघींनी मिळून निघा. पहाटे फिकट रंगाचे कपडे घाला. समोरून येणारी वाहनं दिसावीत म्हणून रस्त्याच्या उजव्या कडेने पळा. कानात गाणी लावू नका. कुत्रं अंगावर आलं तर पळत सुटू नका, थांबा आणि हळूहळू मागे सरका. पंजाबी ड्रेस घालून, ओढणी गाठ मारून पळालात तरी कुणाच्या बापाचं काही जात नाही!

तो तास कुणाचा?

आता तो दुसरा प्रश्न. पोरांचं कोण बघतं?

मैत्रिणींनो, शेजारचे एखादे साहेब पहाटे मैदानावर जातात तेव्हा हा प्रश्न त्यांना कुणी विचारतं का? मॅरेथॉनमध्ये बाईला सगळ्यात कठीण काय असेल, तर शेवटचे दहा किलोमीटर नव्हेत, उंबऱ्याबाहेरचा पहिला. नळाला पाणी कधी येईल, डबे, दूध, सासूबाईंचं औषध, या सगळ्यातून रोजचा एक तास आणि रविवारचे तीन-चार तास काढायचे असतात. ते चोरून काढले की मनाला टोचणी लागते आणि एखाद्या आठवड्यात सगळंच बंद पडतं.

म्हणून उघड सांगा. कॅलेंडरवर लिहा. रविवारी सकाळचा चहा आणि नाश्ता घरातलं दुसरं माणूस करील, हे आधीच ठरवून टाका. पोहे थोडे कोरडे झाले तर खा बिनबोभाट. मुलांना आईचे चिखलाने भरलेले बूट दिसू देत. मुलीला दिसले तर फारच चांगलं, आणि मुलाला दिसले तर त्याहूनही चांगलं!

न्यूयॉर्कच्या शर्यतीतली एक गोष्ट सांगते. नॉर्वेची ग्रेटे वाइट्झ, पेशाने शाळामास्तरीण, ही शर्यत १९७८ साली पहिल्यांदा जिंकली. पुढच्या दहा वर्षांत एकूण नऊ वेळा. पण १९९२ साली ती तिथे पळाली ती जिंकण्यासाठी नव्हे. शर्यतीचे संस्थापक फ्रेड लिबो यांना मेंदूचा कर्करोग झाला होता आणि त्यांना एकदा आपल्याच शर्यतीत या नव्या मार्गावर पळायचं होतं. ग्रेटे त्यांच्या गतीने, त्यांच्या शेजारून चालत-पळत राहिली. साडेपाच तासांहून जास्त वेळ लागला. शेवटची रेघ दोघांनी बरोबरच ओलांडली.

तेव्हा वेळेचा धाक नको. बर्लिन-न्यूयॉर्क सगळ्यांना जमणार नाही आणि जमलं नाही तर काही बिघडत नाही. पाऊस उघडला की कोपऱ्यावरच्या मैत्रिणीला हाक मारा. पहिल्या दिवशी दोन किलोमीटर चाला, मधली दोनशे पावलं पळा. आणि कुणी "कुठे चाललात एवढ्या घाईने?" म्हणून विचारलंच, तर हसून सांगा, "कुठेच नाही. नुसती पळतेय."