चिक्की जेवली का?

लोणावळ्यात राहून पाळीव प्राण्याचं नाव ‘चिक्की’ ठेवणं ही माझी पहिली चूक. ‘चिक्की आजारी आहे’ असं फोनवर सांगितलं की समोरचा आधी हसायचा आणि मग विचारायचा, ‘‘शेंगदाण्याची की काजूची?’’

आमची चिक्की म्हणजे गिनी पिग. तपकिरी-पांढरी, तेव्हा ओंजळीत मावेल एवढी. माझ्या वाढदिवसाला ग्रुपने वर्गणी काढून आणलेली. सोबत पेलेट्सचं एक पाकीट आणि ‘काहीही खाते’ ही दुकानदाराची माहिती.

काहीही? पहिले दोन महिने पेलेट्स सोडून तिने कशालाही तोंड लावलं नाही. काकडी ठेवली, ती सुकली. कोथिंबीर तिने तुडवली. सुकं गवत घातलं तर त्यावर झोप काढली. मला वाटलं, नखरे आहेत. मग वाचायला लागले. गिनी पिगचं पिल्लू जन्मतःच डोळे उघडे आणि अंगभर केस घेऊन येतं. एक-दोन दिवसांत आईच्या बाजूला बसून कुरतडायलाही लागतं. आयुष्याच्या सुरुवातीच्या काळात जे समोर आलं, तेच त्याच्या लेखी अन्न. पुढे नवीन काही दिसलं की ते संशयाने बघतं. बदल फार अचानक केला तर उपाशी राहील, पण खाणार नाही. काचेच्या पेटीत पेलेट्सवर वाढलेल्या चिक्कीला कोथिंबीर ही खायची गोष्ट आहे हे कुणी दाखवलंच नव्हतं.

हे नखरे परवडणारे नव्हते. एक तर गिनी पिगचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि ते झिजायला दिवसभर गवत चघळावं लागतं. दुसरं, त्यांच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही. आपल्याही होत नाही. याच साम्यामुळे १९०७ मध्ये नॉर्वेच्या होल्स्ट आणि फ्रोलिश या दोघांना गिनी पिगमध्ये स्कर्व्ही घडवून दाखवता आला, आणि हा रोग आहारातल्या कमतरतेचा आहे हे समजायला मोठी मदत झाली. तेव्हा लिंबू-आवळ्याचे आपल्यावर जे उपकार आहेत, त्यात थोडा वाटा चिक्कीच्या पणज्यांचाही आहे. पेलेट्समध्ये हे जीवनसत्त्व घातलेलं असतं, पण पाकीट जुनं होईल तसं ते कमी होत जातं. आमचं पाकीट किती जुनं होतं, देव जाणे.

दिवाळीनंतर माझी रूममेट सांगलीहून परत आली ती दुसरी गिनी पिग घेऊन. तिच्या भावाला बारावीत ‘डिस्टर्ब’ होत होतं म्हणे! ही काळी, पोटावर पिवळसर पट्टा. नाव मका. लोणावळ्यात दुसरं काय सुचणार? दोघी मादी आहेत याची डॉक्टरांकडून खात्री करून घेतली. (हे कराच. दुकानातला ‘दोन्ही फिमेल’ हा शब्द प्रमाण मानू नका. गिनी पिगची मादी महिना-सव्वा महिन्याची असतानाही गाभण राहू शकते.) दोन आठवडे मध्ये जाळी ठेवली.

जाळीपलीकडे मका घरातल्या अंगणात वाढलेली. हरळी, कोथिंबीर, गाजराचा पाला, सगळं करकर आवाज करत संपवायची. चिक्की जाळीला नाक लावून बघत बसायची. नवव्या दिवशी मकाने अर्धवट सोडलेली कोथिंबिरीची काडी जाळीतून अलीकडे आली होती. चिक्कीने ती वास घेऊन सोडून दिली. परत आली. खाल्ली. आम्ही दोघी रात्री साडेअकराला ओरडलो आणि काकूंनी खालून दार वाजवलं.

जाळी काढल्यावर तर कमालच. एकीने गवतात तोंड घातलं की दुसरी लगेच तिथे. फ्रीजचं दार उघडलं की दोघींची ‘व्हीक व्हीक’ शिट्टी. जर्मनीतल्या म्युन्स्टर विद्यापीठात नॉर्बर्ट साक्सर यांच्या गटाने गिनी पिगवर बरीच वर्षं काम केलंय. अनोळखी जागेत एकट्या सोडलेल्या नराच्या शरीरात ताणाचं हार्मोन चढतं, पण त्याची घट्ट नातं जुळलेली जोडीदारीण सोबत असेल तर ते बरंच कमी चढतं, असं त्यांना दिसलं. अनोळखी मादी सोबत असून तसा उपयोग होत नाही. म्हणजे नुसती गर्दी नको, आपलं माणूस हवं. स्वित्झर्लंडने तर २००८ पासून गिनी पिग एकटा पाळायला कायद्यानेच बंदी केली. दोघांतला एक मेला की उरलेल्याला सोबत म्हणून भाड्याने गिनी पिग देणारी एक बाईही तिथे निघाली. मला हे वाचून आधी हसू आलं होतं.

त्या हिवाळ्यात आमचंही खाणं बदललं, ते ठरवून नाही. त्यांना रोज ढोबळी मिरचीची एक-दोन फोड लागायची, उरलेल्या मिरचीचं करायचं काय? भाजी. कोथिंबिरीची जुडी आणली की निम्मी त्यांची, निम्मी आमच्या वरणात. रात्रीचा वडापाव आठवड्यातून पाच वेळांवरून दोनवर आला. मॅगी मात्र सुटली नाही.

गवत कामशेतच्या पुढे राहणाऱ्या एका वर्गमित्राच्या घरून यायचं. मावळात पाऊस संपला की डोंगरउताराचं गवत कापून, वाळवून गंजी रचतात. त्यातला एक भारा त्याच्या आजोबांनी बांधून दिला. ‘‘उंदराला गवात? मग आमच्या म्हशींनी काय खायाचं गं पोरी?’’ असं म्हणत त्यातलं कुसळीचं गवत मात्र त्यांनी स्वतः निवडून काढलं, कारण कुसळं तोंडात रुततात. भाताचा पेंढा द्यायला लागले तेव्हा मी तो अंथरायला घेतला. खाण्यात त्याला फार दम नसतो.

जूनमध्ये रूममेटचं शेवटचं वर्ष संपलं. ती सामान घेऊन सांगलीला गेली आणि मकालाही घेऊन गेली. तिचीच होती ती. निघताना चिक्कीला म्हणाली, ‘‘जेव हं नीट.’’

जुलैचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. भुशी डॅमवर येणाऱ्यांना तो चार तास आवडतो. इथे राहणाऱ्यांचे टॉवेल आठवडाभर वाळत नाहीत. त्यात चिक्की कोपऱ्यात बसून राहायला लागली. मी कोथिंबीर धरली की वास घ्यायची आणि तोंड फिरवायची. पहिल्या दिवशी मी म्हटलं, मकाची आठवण येत असेल. ही माझी दुसरी चूक, आणि पहिल्यासारखी हसण्यावारी नेण्यातली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पिंजऱ्यात लेंड्या जवळजवळ नव्हत्याच. किचनच्या काट्यावर ठेवलं. महिन्यापूर्वी ८७० ग्रॅम, आता ७८५.

शूजच्या खोक्याला भोकं पाडून, आत टॉवेल घालून पुण्याची लोकल पकडली. शिवाजीनगरपर्यंत सव्वा तास. मळवली, कामशेत, कान्हे. प्रत्येक स्टेशनला मी झाकण उघडून बघत होते. समोरच्या आजींनी विचारलं, ‘‘काय आहे गं त्यात?’’ मी ‘चिक्की’ म्हटलं आणि रडायलाच लागले. त्यांनी काही न बोलता त्यांची शबनम माझ्या बाजूला सरकवून खोकं खिडकीच्या पावसापासून झाकलं.

डॉक्टरांनी आधी दात पाहिले, पोट दाबून पाहिलं. मग सोबत नेलेलं गवत हुंगून माझ्याकडे बघितलं. कुबट वास येत होता, आतल्या पेंढीला बुरशी. मला रोज तिथेच बसून तो कळलाच नव्हता. ‘‘एकटी पडली म्हणून कमी खात असेल, गवत खराब म्हणून अजून कमी. पण कारण काहीही असो, गिनी पिग १२ तास खाल्ल्याशिवाय राहिला तर वाट बघायची नसते. आतडं थांबतं,’’ ते म्हणाले. मेडिकलमधून आपल्या मनाने अँटिबायोटिक तर अजिबात नको. पेनिसिलीन, अमॉक्सिसिलीन पोटातून दिलं तर जीव जाऊ शकतो.

पुढचे चार दिवस पेलेट्स भिजवून, वाटून, सुई नसलेल्या सिरिंजने दर तीन तासांनी भरवलं. रात्री बाराला, तीनला, सहाला. लेक्चरला बसून मी झोपायचे. पाचव्या दिवशी तिने हरळीचं एक पातं स्वतः ओढून घेतलं. वजन ८०० वर आलं आणि तिथेच अडकलं.

दुसरी मादी आणायचा विचार केला. दुकानापर्यंत जाऊनही आले. पण आकडे साधे होते. माझं एक वर्ष उरलेलं, गिनी पिग पाच ते आठ वर्षं जगतो. पुढच्या जूनमध्ये मी दोन खोकी घेऊन कुठे जाणार होते? घरी आमच्याकडे मांजर आहे, तेही शिकारी.

शेवटी मीच रूममेटला फोन केला. ऑगस्टमध्ये काका गाडी घेऊन आले. चिक्की मागच्या सीटवर, शेजारी पेलेट्स, ढोबळी मिरची आणि माझ्या अक्षरातला दोन पानी कागद. सांगलीत दोन दिवस दोघींनी घुरघुर केली, एकमेकींच्या मागे धावल्या. तिसऱ्या दिवशी एकाच ढिगात तोंडं.

आता रूममेटची आई मला रविवारी वजन पाठवते. गेल्या रविवारी ९१० होतं. फोन केला की आई, परीक्षा, पाऊस या सगळ्याच्या आधी मी तेच विचारते. मग काकू फोन पिंजऱ्याजवळ नेतात आणि मी करकर ऐकत बसते. कोण कुठलं खातंय, ते आवाजावरून अजून ओळखता येत नाही.