वऱ्हाडातील मानकरी आणि महदंबेचे धवळे

‘वऱ्हाड’ या शब्दाचे दोन अर्थ मराठीत शेजारीशेजारी नांदतात. एक अर्थ प्रदेशाचा, दुसरा लग्नाला निघालेल्या समुदायाचा. अबुल फजलने आईन-ए-अकबरीत प्रदेशनामाची उपपत्ती ‘वरदातट’, म्हणजे वर्धा नदीचा काठ, अशी दिली आहे, आणि अभ्यासकांना ती सोयीची वाटते. अमरावती जिल्ह्यातील सामान्य माणसाला मात्र ती पटत नाही. रुक्मिणीच्या लग्नाचे वऱ्हाड येथे आले म्हणून हा वऱ्हाड, असेच तो सांगतो. तिवसा तालुक्यात वर्धेच्या काठी वसलेले कौंडिण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर. तेथील अंबिकेच्या देवळातून तिचे हरण झाले असे तेथील लोक मानतात, तर अमरावतीकर तोच मान आपल्या अंबादेवीला देतात. ही व्युत्पत्ती भाषाशास्त्राच्या कसोटीवर टिकणारी नाही. तरीही ज्या प्रदेशाने आपले नावच एका लग्नाशी जोडून घेतले, त्याच प्रदेशातील रिद्धपूर येथे मराठीतील पहिले ज्ञात विवाहकाव्य रचले गेले, हा योग दुर्लक्षिण्यासारखा नाही.

महदंबेच्या धवळ्यांचा विचार आपल्या अभ्यासक्रमांत बहुधा ‘आद्य कवयित्री’ आणि ‘आद्य आख्यानकाव्य’ या दोन शीर्षकांखाली होतो व तेथेच संपतो. काही वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गात हा भाग शिकविताना एका विद्यार्थिनीने प्रस्तुत लेखिकेस विचारले, “मॅडम, महदाइसा विधवा होती ना? मग तिला लग्नात गाऊ कसे दिले?” तिच्या आईला थोरल्या मुलीच्या लग्नात हळदीच्या वेळी आतल्या खोलीत बसावे लागले होते, हे नंतर कळले. प्रश्न साधा होता. वाङ्मयेतिहासाच्या पुस्तकांत त्याचे उत्तर शोधू जाता असे दिसले की, तो बहुधा कोणी विचारलेलाच नाही. या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे तर प्रथम लग्नातील मानकऱ्यांची व्यवस्था समजून घ्यावी लागते.

लग्नाला जमलेल्या शेकडो माणसांपैकी बहुसंख्य निव्वळ जेवणारी असतात. ज्यांच्यावाचून विधी अडतो अशी माणसे थोडी, आणि त्यांचे अधिकार तीन निरनिराळ्या आधारांवर उभे असतात. पहिला आधार रक्ताच्या नात्याचा. मामाने भाचीला बोहल्यावर आणावे आणि मंगलाष्टके संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभे राहावे. करवलीने दिवा व पाण्याने भरलेला करा सांभाळावा. ‘करा धरणारी ती करवली’ अशी तिच्या नावाची फोड सामान्यतः केली जाते. वधूच्या भावाने लाजाहोमाच्या वेळी नवरदेवाचा कान पिळावा आणि त्याबद्दल मानाचा पोशाख घ्यावा. कानपिळा हा विधी आज थट्टेचा झाला असला तरी त्यामागचा अर्थ थट्टेचा नाही. बहिणीला नीट वागव, मी आहे, ही समज त्यात आहे. ही कामे दुसऱ्या कोणी करून चालत नाहीत. सख्खा मामा नसेल तर मानलेला मामा उभा करावा लागतो, पण मामाची जागा रिकामी ठेवता येत नाही.

दुसरा आधार गावच्या वतनाचा. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात बलुतेदारांच्या कामांचा आणि हक्कांचा जो तपशील येतो, त्याचे लग्नाइतके ठळक दर्शन अन्यत्र होत नाही. परटाने पायघड्या घालाव्यात, कुंभाराने मडकी आणावीत, सुताराने पाट-चौरंग द्यावेत, न्हाव्याने नवरदेवाच्या दिमतीस राहावे, मांगाने वाजंत्री वाजवावी, जोश्याने मुहूर्त पाहावा. जोश्याच्या कामाचे एक साधन येथे नोंदविण्याजोगे आहे. घंगाळातील पाण्यावर तळाशी बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी सोडीत. ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटे, झाली. मुहूर्ताची घटका भरेपर्यंत वधूवर अंतरपाटाच्या दोन बाजूंना उभी, आणि मांडव वाट पाहणारा. ही वाट पाहण्याची वेळ शब्दांनी आणि सुरांनी भरून काढणे हेही एक कामच होते. बलुतेदारांच्या या मानाला जातीची कडवी बाजू होती. वाजंत्री वाजविणाऱ्याची पंगत वेगळी आणि तीही शेवटी, हे विसरून या व्यवस्थेचे गोडवे गाण्यात अर्थ नाही.

तिसरा आधार नात्याचाही नाही आणि वतनाचाही नाही, तर अवस्थेचा आहे. हळद लावणे, तेलवण, ओटी भरणे, ओवाळणे ही कामे सुवासिनीची. तिचा नवरा जिवंत आहे एवढीच तिची पात्रता. ही अट किती जुनी आहे याची साक्ष भागवतातच मिळते. दशमस्कंधाच्या ५२ ते ५४ या अध्यायांत रुक्मिणीच्या विवाहाची कथा येते. लग्नाच्या आदल्या दिवशी रुक्मिणी अंबिकेच्या दर्शनास जाते, तेव्हा विधी जाणणाऱ्या वृद्ध ब्राह्मणस्त्रिया तिच्याकडून पूजा करवून घेतात. नंतर ती सौभाग्यवती विप्रस्त्रियांची मीठ, अपूप, तांबूल, कंठसूत्र, फळे आणि ऊस देऊन पूजा करते व त्या तिला आशीर्वाद देतात. मामा परगावचा चालतो, परीट बदलता येतो. सुवासिनीच्या जागी विधवा मात्र चालत नाही. आजही नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने इतर गावांना त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन केले, यावरूनच प्रथा किती मुरलेली आहे ते दिसते.

या तीन आधारांच्या प्रकाशात रुक्मिणीची कथा पुन्हा वाचली की एक गोष्ट लक्षात येते. या लग्नात प्रत्येक मानकरी आपल्या कर्तव्याच्या उलट वागतो. पिता भीष्मक कन्येचे मन जाणत नाही असे नव्हे. पण पुत्रस्नेहापुढे तो नमतो आणि शिशुपालाला मुलगी देण्याची तयारी करतो. शिशुपालाचे वऱ्हाड तर वऱ्हाडच नव्हे. जरासंध, शाल्व, दंतवक्त्र, विदूरथ, पौंड्रक हे राजे जेवायला आलेले नाहीत. कृष्ण आला तर त्याच्याशी लढायचे, या तयारीने सैन्यासह आले आहेत. बहिणीच्या पाठीशी उभे राहणे हे ज्याचे काम तो भाऊ रुक्मी तिच्या इच्छेचा मुख्य वैरी होतो. जो ब्राह्मण वडीलधाऱ्यांचा निरोप घेऊन वरपक्षाकडे जावयाचा, तो, मराठी परंपरेतील सुदेव, खुद्द वधूचे पत्र घेऊन द्वारकेस जातो. आणि कान पिळण्याचा अधिकार असलेला मेहुणा शेवटी स्वतःच नवरदेवाच्या हाती सापडतो. कृष्ण त्याचे केस व मिशा कापून त्याला विद्रूप करतो. न्हाव्याचे काम नवरदेवाने करावे आणि तेही मेहुण्यावर, हा उलटापालटीचा कळस होय. या साऱ्या गोंधळात आपले कर्तव्य न चुकणारी माणसे मोजकी: पत्र पोहोचविणारा ब्राह्मण, देवळातील वृद्ध स्त्रिया, आणि भावाला बोल लावून वहिनीचे सांत्वन करणारा थोरला दीर बळराम. प्रत्यक्ष विवाहविधीला भागवतकाराने अखेरचे काही श्लोकच दिले आहेत.

नेमकी ही मोकळी राहिलेली जागा मराठी कवींनी भरली. महदंबा, नरेंद्र (१२९२) आणि पुढे एकनाथ (१५७१) यांनी रुक्मिणीच्या लग्नाला मराठी मांडव घातला. त्यांतील नरेंद्र दरबारी संस्कारांचा कवी आहे आणि एकनाथांनी लग्नविधींवर अध्यात्माचे रूपक चढविले आहे. लग्न जमावे म्हणून मुलींनी त्यांच्या ‘रुक्मिणीस्वयंवरा’चे पारायण करण्याची रूढी पुढे सर्वत्र झाली. महदंबेचे वेगळेपण असे की, तिचे गाणे एका लग्नाच्या वेळीच गायले गेले.

तो प्रसंग श्रीगोविंदप्रभूंच्या चरित्रात येतो. चक्रधरस्वामींच्या उत्तरापंथगमनानंतर नागदेवाचार्य, म्हाइंभट, महदाइसा इत्यादी मंडळी रिद्धपुरास गोविंदप्रभूंच्या सेवेत राहिली होती. गोविंदप्रभू ऊर्फ गुंडम राउळ हे लोकव्यवहाराला वेडे वाटावेत असे पुरुष. कोणाच्याही घरात शिरावे, अस्पृश्यांच्या वस्तीत खेळावे, मुलासारखा हट्ट धरावा, आणि गावाने त्यांना मायबाप मानावे. त्यांना लग्न करण्याची लहर आली. भक्तांनी ती मोडून न काढता लग्नाची तयारी केली, आणि त्या वेळी महदाइसेने धवळे गायिले. लौकिक अर्थाने विवाह झाला नाही; धवळे राहिले. पूर्वार्ध त्या प्रसंगीचा आणि उत्तरार्ध मागाहून रचलेला, असे परंपरा सांगते. वऱ्हाडात नवऱ्या मुलाला ‘नवरदेव’ म्हणतात. चार दिवसांपुरता तो देव असतो. रिद्धपुरी देवालाच नवरा व्हावेसे वाटले, आणि मग लग्नातील सगळ्या जागा भरणे भक्तांना भाग पडले. त्यांतील गाण्याची जागा महदाइसेकडे आली.

ही जागा कोणत्या आधाराची? धवळे हा काव्यप्रकार तिने निर्माण केलेला नाही. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात (११२९ च्या सुमारास) कोणत्या प्रसंगी कोणते गीत गावे याची वाटणी आढळते: कथेत षट्पदी, विवाहात धवल, उत्सवात मंगल, योगिजनांनी चर्या, आणि महाराष्ट्रातील स्त्रियांनी कांडताना ओवी. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’तही धवल हा प्रबंध आहे. सोमेश्वराच्या वाटणीत गाणे हे कामाला बांधलेले आहे, आणि महदाइसेचे स्थान तीत शोधले तर गंमत दिसते. ती संन्यासमार्गी, म्हणजे तिच्या वाट्याला योग्यांची चर्या यावयास हवी. ती बालविधवा, म्हणजे सुवासिनींच्या वर्तुळाबाहेरची. तरीही तिने विवाहाचे धवल गायिले.

आपल्याकडे यास एक समांतर उदाहरण आहे व ते उत्तर कोकणातील आहे. आगरी व कोळी समाजांत लग्नाच्या प्रत्येक विधीची गाणी म्हणणारी धवळारीण असते. वारल्यांत तर धवलेरी हीच लग्न लावते. तिला हा मान मिळतो तो गाणी आणि विधींचा क्रम तिला मुखोद्गत असतो म्हणून. अर्थात तिचा अधिकार ज्ञानाचा आहे. नाते, वतन आणि अवस्था यांखेरीज हा चौथा आधार मांडवात पूर्वीपासून होता असे मानल्यास महदाइसेच्या स्थानाचा उलगडा होतो. ती नवरदेवाची मामी-मावशी म्हणून गात नाही, सुवासीण म्हणून तर नाहीच. तिला कथा येते, तिला रचता येते, म्हणून ती गाते. लीळाचरित्रातील महदाइसा ही प्रश्न विचारून विचारून चक्रधरांना बोलते करणारी स्त्री आहे, हे येथे ध्यानात घ्यावे. जी कथेचा पाठपुरावा करते तीच कथा गाऊ शकते.

यावर आक्षेप संभवतो, आणि तो हलका नाही. रिद्धपूरचे लग्न ही लीळा होती. वर अवतारी पुरुष, वऱ्हाडी सारे पंथीय, आणि पंथाने स्त्रियांना संन्यासाचा अधिकार देऊन विटाळाची बंधने सैल केलेली. अशा मांडवात विधवा गायिली यावरून तेराव्या शतकातील वऱ्हाडच्या घरोघरच्या लग्नात तिला स्थान होते असे अनुमान काढता येणार नाही. हे मान्यच केले पाहिजे. पण हे मान्य केल्याने महदाइसेच्या कृतीचे मोल वाढतेच. तिने पंथाच्या आत, पंथेतर जगाला पूर्णपणे ओळखीचा असलेला काव्यप्रकार उचलला. तत्त्वज्ञानाची भाषा तिच्या गुरुबंधूंपाशी होती. तिने बायकांच्या गाण्याची भाषा घेतली. जे गाणे बाहेरच्या जगात तिला बहुधा गाऊ दिले गेले नसते, ते तिने येथे गायिले, आणि वधू म्हणून अशी नायिका निवडली की जिने सर्व मानकऱ्यांना बाजूला सारून आपले लग्न आपण ठरविले होते.

आपल्या अध्यापनातील अडचण अशी आहे की, धवळे आपण छापील पानावर, शब्दार्थांच्या टिपांसह, मुक्याने वाचतो. राजवाड्यांनी सकळ लिपीची उकल केल्यानंतर महानुभाव ग्रंथ प्रकाशात आले, वि. भि. कोलते यांच्यासारख्या याच प्रदेशातील संशोधकांनी लीळाचरित्र व गोविंदप्रभुचरित्र संपादून अभ्यासाचा पाया घातला. अ‍ॅन फेल्डहाउस यांच्या इंग्रजी अनुवादाने (१९८४) गोविंदप्रभुचरित्र जगापुढे गेले. संहितेची चर्चा भरपूर झाली. धवळ्यांची चाल, त्यांचे प्रसंगाशी असलेले नाते, गाणारीचा मान या बाजूंना त्या मानाने फारसे कोणी हात लावलेला नाही. मोर्शी तालुक्यातील रिद्धपुरास २०२४ पासून मराठी भाषेचे विद्यापीठ सुरू झाले आहे. तेथील विद्यार्थ्यांना आसपासच्या गावांतील म्हाताऱ्या बायकांकडून लग्नाची गाणी उतरवून घेता येतील, आणि उतरविताना गाण्याबरोबरच ते कोणत्या विधीच्या वेळी म्हणतात, कोण म्हणते आणि कोणाला म्हणू देत नाहीत, हेही लिहून घेता येईल. हळदीची गाणी सांगताना कित्येक बायका ‘आता मी म्हणत नाही, पण येतात मला सगळी’ असे म्हणून थांबतात. कारण विचारावे लागत नाही, कपाळाकडे पाहिले की कळते. पुढे थोडा आग्रह केला, दार लोटून घेतले, तर त्या गातात.